अध्यक्ष आले की सामना थांबतो

मी डूख धरणारा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मला कुणी समजूतदारपणा शिकवायला येणार नाही. आमच्या घरातले बाकी सगळे विसरभोळे. बायको सकाळी ज्या बाईशी नळावर भांडते, तिलाच दुपारी चहाला बोलावते. मला ते जमत नाही. माझं स्वतःचं कुणी वाईट केलं तर मी एखाद्या वेळी सोडूनही देतो, पण घरच्या पोरीचं केलं तर सोडत नाही.

राहायला कोरेगाव भीमाजवळ, नोकरीला रांजणगावच्या एका कंपनीत, आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या मैदानावर हातात माईक, अशी माझी ओळख. शिरूर आणि दौंड तालुक्यांत कुठंही मॅटवरची स्पर्धा असली की मंडळाचा फोन मला यायचा. माझा आवाज ऐकून टपरीवरची माणसं अर्धा चहा टाकून मैदानाकडं येतात, असं लोक म्हणत. मीही ते नाकारत नसे.

कॉमेंट्री करणारा खेळ सांगतो असा बाहेरच्यांचा समज असतो. आमच्याकडं कॉमेंट्रीवाल्याचं पहिलं काम म्हणजे नावं घेणं. खुर्च्या कुणी दिल्या, पाण्याचे जार कुणाकडून आले, वाढदिवस कुणाचा, हे दोन चढायांच्या मधे बसवायचं. आणि पुढाऱ्याची गाडी मैदानाकडं वळली की चढाई गेली खड्ड्यात. ‘आगमन होत आहे’ असं मी म्हणालो की पंच शिट्टी मारणार, दोन्ही संघ ओळीत उभे राहणार, पाहुणे बूट घालून मॅटवर येणार, हात मिळवणार, फोटो काढणार. मग फेटा, शाल, श्रीफळ. मग ‘मी भाषण करणार नाही, पण’ असं म्हणून भाषण. असा नियम कुठंही छापलेला नाही. तरी एकदाही तो मोडलेला मी पाहिला नव्हता.

आमच्या भागातल्या कबड्डी संघटनेचे अध्यक्ष या बाबतीत सगळ्यांचे गुरू. त्यांनी आयुष्यात कबड्डीची मध्यरेषा ओलांडली ती फक्त फोटोसाठी. या काही वर्षांत त्यांनी पक्ष बदलले, गट बदलले, बॅनरवरचे रंग बदलले, पण अध्यक्षपदाची खुर्ची तीच राहिली. हे काही एकट्या आमच्याकडचं नाही. राज्यात कुठल्याही खेळाची संघटना उघडून बघा, वर बसलेल्याला त्या खेळातलं किती कळतं ते विचारू नका, तो कुणाचा माणूस आहे तेवढं विचारा. पोरीची एक चढाई फसली तर तिला पुढच्या सामन्यात बाकावर बसवतात. वरच्या माणसाचं सगळंच फसलं तर त्याचा सत्कार करतात. संघ हरला तर पोरींच्यात जिद्द नाही, आणि जिंकला तर अध्यक्षांचं मार्गदर्शन. मार्गदर्शन कसलं, गाडी कुठं लावायची त्याचं!

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, कबड्डी खेळते. बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत, मातीत पाणी मारून, मोठ्या पोरांच्यात खेळत ती शिकली. चढाईला गेली की उजव्या कोपऱ्यावरच्या खेळाडूला झुलवायची आणि डाव्या पायानं बोनसचा जादा गुण काढून यायची. मी मामा म्हणून सांगत नाही, पण तसा पाय मी या दोन तालुक्यांत दुसरा पाहिलेला नाही. जिल्ह्याच्या संघात निवड व्हावी, मग खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात भरती व्हावं, एवढं तिचं साधं गणित होतं. त्यात चूक काहीच नव्हती.

मागच्या हिवाळ्यात दौंड तालुक्यात, यवतच्या पुढं एका गावात स्पर्धा होती. मुलींचा उपांत्य सामना रंगात आला होता. संध्याकाळ झाली होती आणि उसाच्या रानाकडून बोचरं वारं सुटलं होतं. तेवढ्यात अध्यक्षांच्या गाड्या आल्या. त्या दिवशी कॉमेंट्रीला आम्ही दोघं होतो. माझ्या जोडीदारानं ‘आगमन’ म्हटलं आणि पंचांनी शिट्टी मारली. घामानं भिजलेल्या पोरी ओळीत उभ्या राहिल्या, मग मॅटच्या कडेला बसल्या. सत्कार सुरू झाले. पाहुण्यांच्या मागून पाहुणे, त्यांच्या मागून त्यांचे कार्यकर्ते. अध्यक्ष देशाच्या भवितव्याबद्दल बोलले, मग तालुक्यातल्या रस्त्यांबद्दल, मग खेळातून संस्कार होतात त्याबद्दल. पोरी गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत होत्या. त्यांना पायसुद्धा हलवता येत नव्हते, कारण समोर भाषण चाललेलं असताना उड्या मारणं बरं दिसत नाही.

भाषण संपलं आणि संयोजक ओरडले, “चला, चला, लगीच सुरू करा, अंधार पडलाय.” पोरींच्या प्रशिक्षकानं पाच मिनिटं मागितली. ती मिळाली नाहीत. पहिलीच चढाई भाचीची होती. ती गेली, कोपऱ्याकडं झुकली, तिनं पाय वळवला आणि तिथंच खाली बसली. तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. तिची किंकाळी आमच्या माईकमधून सगळ्या गावानं ऐकली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जोडीदाराच्या हातातला माईक मी ओढून घेतला आणि बोललो, “घामानं भिजलेल्या पोरी इतका वेळ गारठ्यात बसवल्या, त्याचं हे फळ आहे. फेटे बांधायला वेळ आहे, पोरींना अंग गरम करायला वेळ नाही. याचा जाब कोण देणार? अध्यक्ष, तुम्ही देणार का?” शेवटचा प्रश्न लोकांना ऐकू गेलाच नाही, कारण साउंडवाल्यानं वायर काढली होती. मी मुक्या माईकमध्ये ओरडत उभा राहिलो. मग दुसऱ्या माईकवरून संयोजकांचा गोड आवाज आला, “आपल्या समालोचकांचा घसा बसलाय, त्यांना आपण विश्रांती देऊ.”

त्या दिवसापासून दोन तालुक्यांत माझा घसा बसला. फोन यायचे बंद झाले. मी विचारलं की मंडळवाले म्हणायचे, “मामा, तुमच्या घशाला जरा आराम पायजे, अध्यक्षांनी मुद्दाम सांगितलंय.” कहर म्हणजे अध्यक्षांच्या माणसानं घरी मधाची बाटली आणून दिली. ती मी फोडणार होतो, पण बायकोनं फडताळात लपवून ठेवली. तोंडाला कुलूप लावायची ही नवी पद्धत आहे. तुम्हाला कुणी धमकी देत नाही, तुरुंगात टाकत नाही. तुमची काळजी करतात.

सामना मोबाइलवर थेट दाखवला होता. नंतर अध्यक्षांच्या माणसांनी ते चित्रीकरण पुन्हा टाकलं, तेव्हा त्यात एक चढाई संपते आणि लगेच भाची खाली बसलेली दिसते. मधलं आगमन नाही, फेटे नाहीत, भाषण नाही. फोटोतल्या एका कोपऱ्यासाठी भांडणाऱ्या माणसानं स्वतःचा सत्कार स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता. मी ते बघून हसलो, आणि हसताना मला रडू आलं.

भाचीच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. पुण्यात ऑपरेशन झालं. मग आठ-नऊ महिने व्यायाम. बहीण सकाळी कंपनीच्या कॅन्टीनला कामाला जायची आणि पोरगी भिंतीला पाय लावून, दात-ओठ खात तो गुडघा वाकवायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, खेळ. ज्या दिवशी ते म्हणाले, त्याच दिवशी तिनं निवड चाचणीसाठी नाव दिलं, आणि ते परत आलं. कारण सांगितलं ते असं, की या खेळाडूनं जुनी दुखापत लपवून सामना खेळला, ही बेशिस्त आहे.

मी निवड समितीतल्या एकाला गाठलं. एकेकाळी चांगला पकड करणारा खेळाडू, आता अध्यक्षांच्या गाडीत मागं बसतो.

“पोरगी आधीच लंगडत व्हती, मामा,” तो म्हणाला.

“कुणी बघितलं?”

“समद्यांनी.”

“आन् मॅच थांबवली व्हती, ते कुणी बघितलं?”

“मॅच कुठं थांबली व्हती?” हे तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला.

भरलेल्या मैदानानं ते पाहिलं होतं. पण विचारायला गेलं की कुणी शेंगदाण्याच्या गाडीवर होता, कुणाला फोन आला होता. एकाचा मुलगा अध्यक्षांच्या शब्दावर कंपनीत लागलेला, दुसऱ्याच्या वस्तीवरचा रस्ता मंजुरीला अडकलेला. मला त्यांचाही राग आहे. अध्यक्षांवर आहे तेवढा नाही, पण आहे.

“मामा, मला भांडान नगंय,” भाची म्हणाली. “मला फकस्त म्याटवर उतरायचंय. म्या दुखापत लपवली न्हाई, येवढं कुणीतरी बोला.”

मला भांडण हवं होतं. मी तसं तिला सांगितलं नाही. मी वाट बघत बसलो, आणि वाट बघताना माणूस म्हणून मी काही फार चांगला नव्हतो. चपात्या खाताना, बसमध्ये, मशीनपुढं उभा असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालायची. या अध्यक्षाला मी कधीतरी गारठ्यात उभा करीन.

संधी शिरूरला आली. यंदा निवडणुका तोंडावर, म्हणून अध्यक्षांच्या वाढदिवसाला मोठी स्पर्धा ठेवली होती. भाचीला तिच्या जुन्या संघाचा सामना बघायचा होता, म्हणून आम्ही दोघं गेलो. कॉमेंट्रीला दौंडकडून दोघं बोलावले होते, पण वाटेत न्हावऱ्याजवळ उसाची ट्रॉली उलटली आणि ते तिथंच अडकले. मैदान खच्चून भरलेलं आणि माईक मुका. एक कार्यकर्ता गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आला.

“मामा, घसा कसा हाय आता?”

“सुटलाय,” मी म्हणालो. “मध खाल्ला की.”

“एवढी एक मॅच सांभाळा. पण अट एकच हाय. राजकारण न्हाई, इकडचं तिकडचं न्हाई. फकस्त खेळ.”

“शब्द दिला,” मी म्हणालो.

मी दिलेला शब्द पाळतो. माझ्या शत्रूंनाही ते माहीत आहे.

सामना असा रंगला की बस. एका संघानं दोन गुण घेतले की दुसरा संघ लगेच ते फेडायचा. माझा आवाज वर्षभर साठलेला होता, तो मी सोडून दिला. आणि पहिल्या डावाच्या ऐन मध्याला बाहेर फटाके वाजले, हलगी कडाडली आणि अध्यक्षांच्या गाड्या आल्या.

पंचांनी शिट्टी तोंडाजवळ नेली आणि माझ्याकडं पाहिलं. जुनी सवय. मी मॅटकडं पाहिलं आणि म्हणालो, “सात नंबरची जर्सी चढाईला निघाली आहे, समोर सहा जणी आहेत, बोनस सुरू आहे!” पंच गोंधळले. मी ‘आगमन’ म्हणत नाही तोवर शिट्टी कशी मारायची, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. खेळ चालू राहिला.

मंच मैदानाच्या पलीकडच्या बाजूला होता, कडेनं जायला गर्दीतून वाट नव्हती आणि चालू सामन्यात मॅट ओलांडता येत नाही. अध्यक्ष दोरीपाशी हात जोडून उभे राहिले, आपलं नाव येईल म्हणून. चेहऱ्यावर फोटोतलं हसू. बाजूला फेट्याचं ताट घेतलेला माणूस. कार्यकर्ते मला खुणा करत होते, चिठ्ठ्या पाठवत होते. त्या मी पाण्याच्या बाटलीखाली ठेवत गेलो. ‘फक्त खेळ,’ मी त्यांना खुणेनंच सांगितलं. मागून लोक ओरडायला लागले, “ओ दादा, खाली बसा की, दिसंना झालंय!” कुणाला ओरडतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा असेलही. घोड नदीकडून वारं येत होतं. अध्यक्षांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या खाली केल्या आणि हात बगलेत घातले. ते मी पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. वर्षभरात जेवण गोड लागलं नव्हतं इतकं ते गोड वाटलं.

डाव संपला तेव्हा ते मंचावर आले. हसू तसंच होतं, पण मान लाल झाली होती. मी उठून त्यांना जागा दिली आणि माईकवर म्हणालो, “अध्यक्ष आले आहेत. बराच वेळ ते दोरीपाशी उभे होते. मी फक्त खेळाचं बोलायचा शब्द दिलाय, म्हणून खेळाचंच विचारतो. अध्यक्ष, लोकांची इच्छा आहे, आत्ता लगेच तुमची एक चढाई होऊन जाऊ द्या.”

मैदानानं शिट्ट्या मारल्या. ‘व्हय व्हय’ म्हणून आरोळ्या उठल्या. मी माईक त्यांच्यापुढं धरला. हे सगळं मी आधीच आखलं होतं असं लोक म्हणतात. गारठ्यात उभं करायचं तेवढं माझ्या मनात होतं, हे खरं. पुढचं वाक्य त्यांनी आपणहून दिलं. गर्दी हसवायची त्यांना सवय, त्या सवयीनं ते बोलून गेले, “आरं बाबा, इतका येळ गारठ्यात उभा केलास मला, आन् आता गार अंगानं एकदम उतरू व्हय? गुडघा जाईल की माझा!”

लोक खदाखदा हसले. मग पोरींच्या संघांकडचं हसणं आधी थांबलं. भाचीच्या जुन्या संघातल्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यातली कर्णधार उभी राहिली आणि गर्दीत बसलेल्या भाचीकडं तिनं बोट केलं. हळूहळू सगळं मैदान तिकडं बघायला लागलं. अध्यक्षांनाही कळलं. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त आता त्यांना ते काढता येईना.

मी माईक माझ्याकडं घेतला. “अगदी खरं बोललात, अध्यक्ष. मागच्या हिवाळ्यात यवतच्या पुढं तुमच्या सत्कारासाठी सामना थांबवला होता. ही पोरगी गारठ्यात बसून राहिली आणि गार अंगानं उतरली. तिचा गुडघा गेला. तिनं काही लपवलेलं नव्हतं. लपवलं ते दुसऱ्यांनी. ज्यांनी पाहिलंय त्यांनी हात वर करा.”

साउंडवाला तोच होता. त्याचा हात वायरवर होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, अध्यक्षांकडं पाहिलं, मग हात काढून घेतला आणि खाली मान घालून तंबाखू मळायला लागला. मैदानात एक हात वर झाला. मग शेंगदाण्याच्या गाडीवर होता म्हणणाऱ्यानं हात वर केला. मग मी मोजले नाहीत.

थेट दाखवलेलं होतं, आणि या वेळी शेकडो मोबाइल वर धरलेले होते. त्यातलं काय काय पुसणार? आम्ही गावात पोचायच्या आत ते वाक्य टपरीटपरीवर वाजत होतं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा माणूस आला, म्हणाला, “मामा, जाऊ द्या आता, झालं ते झालं.” मी बायकोला फडताळातली मधाची बाटली काढायला सांगितली आणि त्याच्या हातात दिली. अध्यक्षांचा घसा बसला असेल, त्यांना द्या म्हणालो.

मग समितीचा फोन आला. पोरीला चाचणीला घेऊन या.

चाचणी दौंडला होती. समिती मांडवाखाली खुर्च्यांवर बसलेली, मधल्या खुर्चीत अध्यक्ष. मला त्यांनी ओळख दिली नाही, मीही मागितली नाही. भाचीचं नाव पुकारलं. माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललेला तो पकडवाला खुर्चीच्या टोकावर येऊन म्हणाला, “बाळा, वॉर्मअप झाला का? निवांत कर हां, घाई न्हाई.”

“न्हाई झाला,” ती म्हणाली. “करते.”

आणि ती करायला लागली. मैदानाला फेऱ्या मारल्या. मग खाली बसून एकेक पाय ताणला, एकेक घोटा फिरवला. मांडवाची सावली सरकली आणि ऊन अध्यक्षांच्या मांडीवर आलं. त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांना कुठंतरी उद्घाटनाला जायचं होतं. लवकर आवर असं म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. मी लिंबाखाली बसून शेंगा सोलत होतो आणि तिनं अजून थोडा वेळ घ्यावा असं मनापासून वाटत होतं. तिनं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मी एक शेंग तिच्या नावानं जास्त खाल्ली.

शेवटी ती मध्यरेषेपाशी आली आणि वाकून तिनं रेषेला हात लावला. तेवढ्यात कुणीतरी फोन आणून दिला म्हणून अध्यक्ष खुर्चीतून उठले. ते उठलेले पाहून पंचांचा हात सवयीनं शिट्टीकडं गेला.

“शिट्टी नगा मारू, सर,” भाची म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेला. “अध्यक्ष बसू द्या न्हाईतर जाऊ द्या. माझं अंग आता गरम हाय.”

पंचांनी शिट्टी खाली केली, आणि ती रेषा ओलांडून आत गेली.